मूळ प्रत दाखवा!

‘ह्या लोकांच्या रक्तातच असतं हे.’

डॉक्टर एवढं बोलला आणि पुढच्या खाटेकडे सरकला. त्याच्यामागं पाच-सहा शिकाऊ पोरंपोरी, वह्या उघड्या. त्यांनी ते लिहून घेतलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा. खाटेवर माझा आतेभाऊ, वय १९, गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. सिकलसेलचा झटका आला की हाडांच्या आत कुणीतरी खिळे ठोकतंय असं वाटतं, म्हणतो. ओरडत नाही. ओरडायची लाज वाटते त्याला. नुसती उशीची कड चावतो.

आत्या डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, ‘डाक्टर म्हणते ना बाबू, आपल्या रक्तातच हाय म्हणून. नशीबच तसं आपलं.’

बघा दोस्तहो. रक्तापासून नशिबापर्यंत यायला किती वेळ लागला? अर्धा मिनिट. एकेकाळी एवढ्यासाठी ग्रंथ रचावे लागत.

मी मनात एक सणसणीत शिवी हासडली. ती इथं छापत नाही, प्रेसवाला कुरकुर करतो. पण शिवीनं भागत नाही. तो डॉक्टर एका अर्थानं खरं बोलला होता आणि दुसऱ्या अर्थानं साफ खोटं. ह्या दोन अर्थांच्या मधल्या फटीत आपल्या कैक पिढ्या गाडल्या गेल्यात. त्या फटीत हात घालायचा तर पेशीच्या पोटात शिरावं लागेल. चला, शिरू. बारावीला बायॉलॉजी सोडून पळालेल्यांनीही यावं. मीही त्यातलाच.

रक्तातच म्हणता ना? मग रक्तात काय असतं ते आधी बघा. ज्या पेशीमुळं रक्त लाल दिसतं, त्या तांबड्या पेशीत डीएनए नसतोच! हाडांच्या आतल्या मगजात ती तयार होते तेव्हा तिला केंद्रक असतं, केंद्रकात डीएनए असतो. पण रक्तात उतरायच्या आधी ती आपलं केंद्रक बाहेर फेकून देते. ‘आमचं रक्त’, ‘खानदानी रक्त’, ‘रक्त शुद्ध ठेवा’ ही सगळी बोंब ज्या लालभडक थेंबावर चाललीय, त्या लाल पेशींत वंशाचं एक अक्षर नाही. सुमारे १२० दिवस ऑक्सिजनची हमाली करतात आणि मरतात बिचाऱ्या. रक्तात डीएनए असतो तो पांढऱ्या पेशींत. जखम चिघळली की ज्यांचा पू होतो, त्या.

आणि माणसाला डीएनए पहिल्यांदा सापडला तो पुवातच.

साल १८६९. जर्मनीतलं ट्युबिंगेन. जुन्या किल्ल्याच्या स्वैपाकघरात थाटलेली प्रयोगशाळा. फ्रीडरिश मीशर नावाचा पंचविशीतला स्विस पोरगा जवळच्या दवाखान्यातून शस्त्रक्रियेची वापरलेली बँडेजं मागवायचा, पुवानं चिकट झालेली. ती धुवायचा, त्यातल्या पेशी निथळून घ्यायचा, डुकराच्या जठरातल्या रसानं त्यांची प्रथिनं जिरवायचा. मागं उरलं एक वेगळंच द्रव्य. प्रथिन नव्हतं, फॉस्फरस भरपूर होता. न्यूक्लियसमधून म्हणजे केंद्रकातून निघालं म्हणून त्यानं नाव ठेवलं न्यूक्लीन. गुरूला पटेना. गुरूनं स्वतः प्रयोग करून पाहिला, तेव्हा कुठं १८७१ मध्ये ते छापून आलं. पुढं ते आम्ल निघालं म्हणून न्यूक्लीक आम्ल. डीएनए आणि आरएनए ही त्याचीच दोन भावंडं.

आपल्या आया-मावश्या दवाखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या असलीच बँडेजं उचलतात. त्यांच्या हाताचं पाणी चालत नाही. मीशरनं तेच उचललं आणि शास्त्र झालं. मीशरचा यात दोष नाही. त्यानं पुवात हात घातला याचं मला कौतुकच आहे. पण ज्या डीएनएला आज वंशाची पोथी म्हणून देव्हाऱ्यात बसवलंय, ती पोथी घाणीतून वर आलेली आहे हे ध्यानात ठेवा. सोवळं नेसून बसणाऱ्याला ती सापडली नसती.

पाऊणशे वर्षं त्या द्रव्याला फारसा भाव नव्हता. आनुवंशिकता प्रथिनांत असणार, हे असलं साधं द्रव्य काय करणार, असा बऱ्याच विद्वानांचा खाक्या. १९४४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ॲव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी या तिघांनी दाखवलं की एका जंतूचा गुण दुसऱ्या जंतूत नेणारं द्रव्य हेच. मग शारगाफनं मोजून सांगितलं की डीएनएत अॅडेनिन जेवढं तेवढंच थायमिन, ग्वानिन जेवढं तेवढंच सायटोसिन. मग लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन. तिच्या देखरेखीखाली १९५२ मध्ये काढलेलं ५१ नंबरचं क्ष-किरण चित्र तिला न विचारता वॉटसनला दाखवलं गेलं. एप्रिल १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी ‘नेचर’मध्ये डीएनएची दुपदरी रचना मांडली. फ्रँकलिन १९५८ मध्ये ३७ व्या वर्षी कॅन्सरनं गेली. १९६२ मध्ये नोबेल तिघा पुरुषांत वाटलं गेलं. मेलेल्याला नोबेल देत नाहीत हा नियम खरा. पण ती जिवंत होती तेव्हा काय दिलं? बाईनं दळायचं आणि पहिल्या पंगतीला बाप्यांनी बसायचं, ही रीत फक्त आपल्या गावची नाही म्हणायची.

आणि हाच वॉटसन २००७ मध्ये आफ्रिकेतल्या काळ्या माणसांच्या बुद्धीबद्दल गरळ ओकला. २०१९ मध्ये पुन्हा तेच म्हणाल्यावर त्याच्याच संस्थेनं, कोल्ड स्प्रिंग हार्बरनं, त्याच्या मानाच्या पदव्या काढून घेतल्या. शिडी शोधली त्यानं, पण चढला नाही. विद्वान माणूस मूर्ख नसतोच असं समजणाऱ्यांनी हे नाव पाठ करावं.

असो. रचना काय आहे ती बघू. सुतळीचे दोन पदर एकमेकांभोवती पिळलेले. प्रत्येक पदरावर चारच अक्षरं पुन्हा पुन्हा ओवलेली: ए, टी, जी, सी. ह्या पदरावर ए असेल तर समोरच्या पदरावर टी. इथं जी तर तिथं सी. तिसरी सोयरीक नाही. त्यामुळं एक पदर हातात आला की दुसरा काय असणार ते आपोआप कळतं. माणसाच्या पेशीत आईकडून एक संच येतो, बापाकडून एक. प्रत्येक संचात सुमारे ३०० कोटी जोड्या. (दोन पदर म्हणजे आई आणि बाप नव्हेत, इथं पुष्कळजण घसरतात. आईकडून आलेल्या संचालाही दोन पदर, बापाकडून आलेल्यालाही दोन.) एका पेशीतला हा सगळा धागा उलगडून सरळ केला तर दोन मीटर भरतो. तो मावतो कुठं, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात. दहा बाय दहाच्या खोलीत नऊ माणसं राहतात त्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही.

आता मुख्य गोष्ट. प्रत.

प्रत म्हटलं की आपल्याला काय आठवतं? झेरॉक्सचं दुकान. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, टीसी, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. त्यावर साहेबाचा सहीशिक्का. आणि जात पडताळणीच्या खिडकीत बसलेला बाबू मान वर न करता म्हणतो, ‘झेरॉक्स चालणार नाही. मूळ प्रत दाखवा.’ वंशावळ लिहून द्या. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा आजोबाचा कागद आणा. ज्या आज्याला शाळेच्या दारात उभं केलं नाही, त्याचा शाळेचा दाखला आणा!

मूळ एक. ते पवित्र. ते वर कपाटात. खाली सगळ्या प्रती, मळक्या, संशयित. सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचे तेव्हाही तसंच: स्टेन्सिल एक, पत्रकं हजार. माणसाच्या डोक्यातलं प्रत या शब्दाचं चित्र हेच आहे. मूळ पुरुष, मूळ गोत्र, मूळ बीज, आणि खाली उतरत उतरत पातळ होत गेलेले वंशज.

पेशी असं काही करत नाही.

पेशीला दोन व्हायचं असतं तेव्हा ती पोथी कपाटात ठेवून तिची नक्कल काढत बसत नाही. ती पोथीच उसवते. एक एन्झाइम पँटची चेन उघडावी तशी दोन पदरांची गाठ सोडवत पुढं जातो. दोन्ही पदर सुटे होतात. मग पॉलिमरेज नावाचा दुसरा एन्झाइम प्रत्येक सुट्या पदरासमोर एकेक अक्षर आणून बसवतो. एसमोर टी, जीसमोर सी. जुन्या एका पदराला नवा जोडीदार, जुन्या दुसऱ्या पदराला दुसरा नवा जोडीदार. काम संपल्यावर दोन पोथ्या. आता सांगा, यातली मूळ कोणती आणि प्रत कोणती? दोन्हींत अर्धं जुनं, अर्धं नवं. मूळ प्रत कुठं गेली? गेली. तिचे दोन भाग दोन घरी गेले.

ही माझी कविकल्पना नाही. १९५८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मेसेल्सन आणि स्टाल या दोघांनी हे दाखवलं. त्यांची युक्ती बघा, सुरेख आहे. डीएनएत नायट्रोजन असतो. त्यांनी एका जंतूला पिढ्यान्‌पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवलं, त्याचा सगळा डीएनए जड करून टाकला. मग त्याला उचलून साध्या, हलक्या नायट्रोजनमध्ये टाकलं. आता जे नवं बनेल ते हलकं. एक पिढी झाल्यावर डीएनए काढून सीझियम क्लोराइडच्या द्रावणात गरगरा फिरवला. तिथं जड खाली बसतं, हलकं वर राहतं. मूळ शाबूत राहून प्रत वेगळी निघत असेल तर दोन पट्टे दिसायला हवेत, एक खाली आणि एक वर. दिसला एकच पट्टा. बरोबर मध्ये! सगळाच्या सगळा डीएनए अर्धा जड, अर्धा हलका. दुसऱ्या पिढीनंतर दोन पट्टे: एक तोच मधला, एक हलका. जड पट्टा पुन्हा उगवलाच नाही. एका पिढीत शुद्ध मूळ संपलं.

मला हा प्रयोग कळला त्या दिवशी मी वस्तीत वेड्यासारखा सांगत फिरलो. पानठेल्यावरचा म्हणाला, ‘मंग कार्यालयात सांग ना जाऊन हे.’

पुढं अजून मजा आहे. पॉलिमरेजला फक्त एकाच दिशेनं लिहिता येतं. आणि दोन पदर तर उलटसुलट दिशेचे. एका पदरावर तो चेन उघडेल तसा सरळ लिहीत सुटतो. दुसऱ्या पदरावर पंचाईत. तिथं थोडी चेन उघडली की मागं येऊन एक तुकडा लिहायचा, पुन्हा थोडी उघडली की पुन्हा मागं यायचं. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आरएनएची छोटीशी चिंधी लावावी लागते, कारण कोऱ्या जागेवर पॉलिमरेजला सुरुवात करता येत नाही. मागून चिंध्या काढायच्या, जागा भरायच्या, आणि लायगेज नावाच्या एन्झाइमनं तुकडे सांधायचे. जंतूंत हा तुकडा हजार-दोन हजार अक्षरांचा, माणसात जेमतेम १०० ते २०० चा. म्हणजे आपल्या प्रत्येक पोथीतला एक अखंड नवा पदर प्रत्यक्षात गोधडी आहे. तुकड्यातुकड्यानं, रोजंदारीवर शिवलेली.

हे तुकडे शोधले जपानच्या नागोया विद्यापीठात रेइजी ओकाझाकी आणि त्सुनेको ओकाझाकी या नवराबायकोनं. १९६८ मध्ये त्यांचा महत्त्वाचा निबंध आला. रेइजी हिरोशिमाचा. १९४५ मध्ये बाँब पडला तेव्हा तो तिथं शाळकरी पोर होता. १९७५ मध्ये तो रक्ताच्या कॅन्सरनं मेला, वय ४४. पेशी अक्षरं कशी लिहिते हे ज्यानं जगाला दाखवलं, त्याच्याच मगजातल्या पेशींचं लिखाण बिघडलं. मागं काम त्सुनेकोनं चालू ठेवलं. पाठ्यपुस्तकात ‘ओकाझाकी तुकडे’ एवढंच असतं. त्या तुकड्यांमागं एक बाँब आणि एक बाई आहे हे गाइडात छापत नाहीत.

माणसाच्या पेशीत ही नक्कल हजारो ठिकाणी एकदम सुरू होते. एकाच टोकापासून निघाली असती तर आपल्या सर्वांत लांब गुणसूत्राला जवळपास दोन महिने लागले असते, कारण वेग सेकंदाला पन्नासेक अक्षरांचाच. हजारो ठिकाणी सुरू होते म्हणून आठेक तासांत उरकते. एकाच पुढाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलेल्या आपल्या संघटनांना सांगावं असं वाटतं, पण तो विषय दुसऱ्या अंकात.

आता चुका. आमच्या आतेभावाच्या दुखण्याचं मूळ इथं आहे.

एवढ्या वेगानं लिहिताना पॉलिमरेज लाखात एखादं अक्षर चुकवतो. चुकल्याचं त्याला कळतं, जोडी नीट बसत नाही. मग तो मागं सरतो, चुकीचं अक्षर खोडतो, बरोबर बसवतो. स्वतःचं प्रूफ स्वतः तपासतो! त्यानंतर दुसरी टोळी येते आणि राहिलेल्या चुका वेचते. शेवटी शंभर कोटींत एखादी चूक उरते, किंवा त्याहूनही कमी. आपल्या अंकातल्या मुद्रणदोषांशी तुलना करू नये, इज्जत जाईल.

पण तपासणी कशाची होते ते बघा. नवी प्रत समोरच्या जुन्या पदराशी जुळते का, एवढंच तपासलं जातं. जुना पदर स्वतः बरोबर आहे का, हे तपासणारं कुणी नाही. एकदा चूक तपासणीतून निसटली, दोन्ही पदरांवर बसली, की पुढच्या फेरीपासून तीच मूळ. मग तिची नक्कल तितक्याच इमानानं होत राहते. हजार वर्षं. दोन हजार वर्षं. चूक जपायला वेगळी यंत्रणा लागत नाही. सत्य जपणारी यंत्रणाच ती जपते. मला हे वाचून पेशी आठवली नाही, गावची पंचायत आठवली.

हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी असतात. ती साखळी कशी ओवायची हे ११ व्या गुणसूत्रावर लिहिलंय. कधीकाळी तिथं एका ए च्या जागी टी आला. एक अक्षर. त्यामुळं सहावा मणी बदलला. तेवढ्यानं ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या काड्या होतात, आणि गोल गुबगुबीत तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. असे विळे बारीक नसांत अडकतात. मागचं रक्त तुंबतं. हाडात खिळे ठोकले जातात ते इथं. माणसाच्या मगजात दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात, आणि त्यांच्यासाठी मगजातल्या पेशी अहोरात्र डीएनएची नक्कल करत असतात. म्हणजे तो टी माझ्या आतेभावाच्या हाडांत ह्या क्षणीही अतिशय प्रामाणिकपणे उतरवला जातोय.

मग डॉक्टर खरं बोलला का? थांबा. अक्षर बदललं हे खरं. ‘ह्या लोकांच्या’ हे खोटं.

हा टी आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमधल्या गोऱ्या शेतकऱ्यांत आहे, तुर्कस्तानात आहे. भारतात १९५२ मध्ये तो पहिल्यांदा नीलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत नोंदला गेला. मग विदर्भात आपल्या वस्त्यांत सापडला, गोंडांत सापडला, इतर मागास जातींतही सापडला. ह्या सगळ्यांची जात एक आहे काय? एक आहे तो डास. १९५४ मध्ये ॲलिसननं पूर्व आफ्रिकेत दाखवलं की ज्याच्याकडं दोन आवृत्त्यांपैकी एकीतच हा टी आहे, त्याला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. दोन्हींत असेल तर आजार. म्हणजे ही ‘चूक’ मलेरियाच्या जंगलपट्ट्यात लेकरं जगवत होती. त्या पट्ट्यात, साचलेल्या पाण्याच्या कडेला कोण राहिलं, कुणाला राहावं लागलं, हे डीएनएत लिहिलेलं नाही. ते गावाच्या नकाशात लिहिलंय. महारवाडा कोणत्या दिशेला असतो ते डॉक्टरनं कधी बघितलं नसेल.

आणि आजार व्हायला तर टी दोन्हीकडून यावा लागतो. आत्याकडं एक, मामांकडं एक, दोघंही धडधाकट. प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता. दोन टी एकाच घरात भेटतात कारण आत्या आणि मामा एकाच कुंपणातले. कुंपण कुणी घातलं?

ह्याचं उत्तर एका पोरानं ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचून दाखवलेल्या निबंधात आहे. वय २५, आडनाव आंबेडकर. त्या काळात मोठे मोठे गोरे साहेब नाकांची मापं घेऊन जाती म्हणजे वंश असं सिद्ध करत हिंडत होते. हा म्हणाला, इथले लोक केव्हाच मिसळलेले आहेत. जातीचं सार एकच, जातीबाहेर लग्न करायला बंदी. डीएनए काय काम करतो हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

शंभर वर्षांनी पोथी वाचणारे त्याच ठिकाणी आले. २०१३ मध्ये हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्ड यांच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी ह्या देशात जोरदार सरमिसळ झाली. भिल्लसुद्धा त्यातून सुटले नाहीत, उच्चवर्णीयही नाहीत. मग ती थांबली. २०१६ मध्ये बंगालमधल्या कल्याणीच्या संस्थेतल्या बसू, मजुमदार प्रभृतींनी हिशोब मांडला की, विशेषतः वरच्या जातींत, सरमिसळ सुमारे ७० पिढ्यांपूर्वी एकाएकी बंद झाली. सुमारे दीड हजार वर्षं. गुप्तांचा काळ. ज्याला इतिहासाच्या पुस्तकात सुवर्णयुग म्हणतात तो!

तेव्हा डीएनएनं जात केली नाही. जातीनं डीएनएला कुंपण घातलं. आणि कुंपणाच्या आत चुका फिरून फिरून एकमेकींना भेटत राहिल्या. हे फक्त आपल्यातच असं समजू नका. आंध्रातल्या वैश्य समाजात एक एन्झाइम कमी असणारी माणसं इतरांहून कितीतरी जास्त आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करायचं एक नेहमीचं औषध दिलं की त्यांचा श्वास तासन्‌तास परत येत नाही. त्यांच्या दुखण्याला मी हसत नाही, दुखणं कुणाचंही असो. पण त्यांच्या खाटेपाशी उभं राहून ‘ह्या लोकांच्या रक्तातच असतं’ असं त्याच सुरात कुणी म्हणतं काय?

शुद्धतेबद्दल एवढंच सांगतो. जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या पोथीत साधारण ६० ते ७० अक्षरं अशी असतात की जी आईच्या पोथीत नव्हती, बापाच्याही नव्हती. निव्वळ नव्या चुका. खानदानाची हुबेहूब प्रत आजवर एकही जन्माला आलेली नाही. शेंडीवाल्याच्या घरात नाही, आपल्या घरातही नाही.

आता दुसरा गडी. तो जास्त हुशार. तो डॉक्टरसारखं बोलत नाही, तो व्यासपीठावरून गोड बोलतो: ‘सगळ्या भारतीयांचा डीएनए एकच आहे हो!’ टाळ्या. आणि टाळ्या ओसरल्या की हळूच: ‘मग हे दाखले कशाला? सवलती कशाला?’

मित्रा, दोन माणसांची पोथी ९९.९ टक्के जुळते, हे भारतीयांचंच नाही, नागपूरच्या आणि नायजेरियाच्या माणसांचंही खरं आहे. त्यात तुझं भाषण नको होतं. ज्या दिवशी माझ्या आज्याला विहिरीवरून हाकललं त्या दिवशीही ती तेवढीच जुळत होती. हाकलणाऱ्यानं डीएनए तपासला नव्हता. तेव्हा दाखला माझ्या रक्ताचा नाही. तो तुमच्या वागणुकीचा आहे, फक्त ठेवावा लागतो माझ्या खिशात. वंशावळ मागायचीच तर त्या खिडकीत उलटी मागा: कोणाच्या आजोबानं कोणाला हाकललं, १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा जोडा. मूळ प्रत दाखवा!

पण दोस्तहो, आपल्याकडंही बघू. झोंबेल.

आतेबहिणीला स्थळ आलं. पाहुणे आपलेच, चळवळीतले, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो बघून हात जोडणारे. चहा झाल्यावर पहिला सवाल: ‘पोटजात कोणती आपली?’ दुसरा: ‘सिकलसेलचं कार्ड काढलंय ना पोरीचं?’ १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारनं सिकलसेलचं मिशन सुरू केलं, तपासण्या होताहेत, कार्डं वाटली जाताहेत, लग्नाआधी दोघांची कार्डं जुळवून बघा म्हणतात. चांगलंच आहे, दोन वाहक असतील तर त्यांना आधी कळलं पाहिजे. पण कार्ड जुळवा म्हणणारे शंभर भेटतात, पोटजात जुळवू नका म्हणणारा एक भेटत नाही. सरकारात नाही आणि आपल्या मोर्चातही नाही. १९३६ मध्ये जात मोडायचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय लग्नाकडं बोट दाखवलेलं आहे. आपण त्या पुस्तकाची पारायणं करतो आणि सोयरिकीच्या वेळी पाटील होतो. कुंपणाबाहेर लग्न केलं म्हणजे हा टी मरेल असं नाही. तो राहील, फक्त दुसऱ्या टीला सहजी भेटणार नाही. मला वाटतं कुंपण त्यासाठी नाही मोडायचं. कुंपण कुंपण आहे म्हणून मोडायचं. पण घरात दुखणं असलेल्या माणसाला ह्या दोन कारणांतला फरक सांगायला जाऊ नका, तो वेगळ्याच हिशोबात असतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं सिकलसेलवरच्या एका नव्या उपचाराला मान्यता दिली. मगजातल्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्या डीएनएत नेमक्या जागी कात्री चालवायची, म्हणजे गर्भात असताना बनणारं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. अमेरिकेतली किंमत माणशी २२ लाख डॉलर. आत्या चार घरची धुणीभांडी करते.

आतेभाऊ घेतो ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी. जुनं औषध. डीएनएची नक्कल करायला जी अक्षरं लागतात, त्यांचा पुरवठाच ती आखडून धरते. मगजातल्या पेशींचं नक्कल काढणं मंदावतं, आणि त्यातून का होईना गर्भातलं ते जुनं हिमोग्लोबिन वाढतं, झटके कमी होतात. रोज घ्यावी लागते. मध्येमध्ये रक्त तपासावं लागतं. गेल्या महिन्यात दवाखान्याच्या खिडकीवर ती संपली होती. बाहेरून घ्या म्हणाले. आत्यानं विचारलं, ‘साहेब, झेरॉक्सवर देत का दुकानदार, का चिठ्ठी असलीच लागते?’

खिडकीतला म्हणाला, चिठ्ठी असलीच लागते.